टोकदार चंद्र

चंद्रावरचे डोंगर गोलसर आहेत. कोणीतरी कोट्यवधी वर्षं बसून त्यांच्यावर पॉलिशपेपर घासावा, तसे. अपोलो १५ च्या अंतराळवीरांनी १९७१ साली हॅडली पर्वताजवळ काढलेले फोटो नेटवर सहज सापडतात, ते बघा. हा पर्वत भोवतालच्या मैदानापासून साधारण साडेचार किलोमीटर उंच आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या अडीचपटीहून जास्त. फोटोत मात्र तो गिरणीबाहेर सांडलेल्या पिठाच्या ढिगासारखा दिसतो. कडा नाही, सुळका नाही, दरी नाही. ट्रेकरचा जीव रमेल असं काहीही नाही.

आता डोळे मिटा आणि मनातल्या मनात चंद्रावरचा डोंगर काढा. बहुतेकांच्या मनात उभे राहतील ते काळ्या आकाशात घुसलेले करवतीच्या दात्यांसारखे सुळके. खाली भेगाळलेली जमीन, वर गच्च तारे. टिनटिन १९५४ च्या पुस्तकात चंद्रावर उतरतो तेव्हाही मागे हेच सुळके असतात. हा चंद्र कुठेच अस्तित्वात नाही. तरी तो आपल्या सगळ्यांच्या डोक्यात आहे, आणि तो तिथे कसा आला हे शोधत मी गेले काही महिने जुने सिनेमे आणि जुनी अवकाशचित्रं बघतोय. बघताना एक गोष्ट पक्की होत गेली. ‘त्या काळी बिचाऱ्यांना माहीतच नव्हतं’ हे आपलं नेहमीचं स्पष्टीकरण इथे पुरेसं नाही.

सुरुवात सावलीपासून करावी लागेल. संध्याकाळी मैदानात उभं राहिलं की आपल्या पाच-साडेपाच फुटांची सावली पंचवीस फूट लांब पडते. दुर्बिणीतून चंद्र बघताना डोंगर सगळ्यात ठसठशीत दिसतात ते त्याच्यावरच्या दिवस-रात्रीच्या सीमेवर, म्हणजे जिथे सूर्य नुकता उगवतोय किंवा मावळतोय तिथे. तिथे प्रत्येक टेकाडाची सावली लांबलचक आणि अणकुचीदार पडते. सावली टोकदार, म्हणजे डोंगरही टोकदार, असं मनाने ठरवून टाकलं.

या गैरसमजाला पहिलं देखणं रूप दिलं जेम्स नास्मिथने. हा स्कॉटिश इंजिनिअर, वाफेवर चालणारा हातोडा बनवणारा. जेम्स कार्पेंटर या खगोलशास्त्रज्ञाबरोबर त्याने १८७४ साली चंद्रावर एक पुस्तक काढलं. तेव्हाच्या कॅमेऱ्यांना दुर्बिणीतून चंद्राचे बारकावे टिपणं जमत नव्हतं. म्हणून त्याने दुर्बिणीतून बघून रेखाटनं केली, त्यावरून प्लास्टरची मॉडेल्स बनवली, ती तिरप्या उन्हात ठेवली आणि त्यांचे फोटो काढले. त्याच पुस्तकात सुरकुतलेल्या हाताचा आणि वाळलेल्या सफरचंदाचा फोटो शेजारी शेजारी आहे. पृष्ठभाग आकसला की सुरकुत्यांसारखे डोंगर कसे उठतात, हे समजावण्यासाठी. मला ते पान फार आवडतं. पण चंद्राच्या मॉडेल्सचं काय झालं? त्यातली उंची वाजवीपेक्षा जास्त होती, आणि समोर होता तो फोटो. चित्रावर शंका घेणारा माणूस फोटोवर घेत नाही. प्लास्टरचा चंद्र अशा रीतीने पुरावा होऊन बसला.

पुढे त्याला एक तर्कही येऊन चिकटला. चंद्रावर वारा नाही, पाऊस नाही, त्यामुळे डोंगर झिजत नाहीत, म्हणून ते टोकदारच असणार. ऐकायला एकदम शास्त्रीय. पण हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर उभं राहून जरा विचार करा, तो कडा कशाने झाला? लाव्हा तर आडव्या थरांत पसरला होता. त्यातून उभे कडे आणि सुळके कोरून काढले ते पाण्याने. युरोपातलं मॅटरहॉर्न टोकदार आहे, कारण हिमनद्यांनी त्याला चारी बाजूंनी खरवडलं. पृथ्वीवर टोक ही झिजेचीच करामत आहे. पाणी नसलेल्या चंद्रावर तसले सुळके येणार कुठून? तिथले मोठे पर्वत म्हणजे प्रचंड आघातांनी उचलल्या गेलेल्या कडा, आणि त्यांच्यावर अब्जावधी वर्षं बारीक-मोठ्या उल्कांचा मारा होऊन सगळं गुळगुळीत भुग्याखाली गेलेलं. तर्क अगदी उलटा होता, पण चित्राला सोयीचा होता.

ज्याने नीट पाहिलं त्याला हे दिसलंही होतं. ल्युसियँ रुदो हा फ्रेंच चित्रकार स्वतः खगोलनिरीक्षक होता. नॉर्मंडीत त्याची स्वतःची वेधशाळा होती. सीमेवरच्या सावल्यांवर न थांबता त्याने चंद्राच्या कडेकडे पाहिलं. चकतीच्या काठावर डोंगर आपल्याला बाजूने दिसतात, अगदी आकाशावर काढलेल्या रेषेसारखे. तिथे करवतीचे दाते असते तर दिसले असते. दिसते ती हलकी चढउतार असलेली रेघ. १९३७ साली आलेल्या ‘इतर जगांवर’ अशा अर्थाच्या नावाच्या पुस्तकात रुदोने चंद्रावरचे डोंगर गोलसर रंगवले. अपोलोच्या फोटोंशेजारी ठेवले तर ओळखीचे वाटतील असे. मनुष्य चंद्रावर उतरायला तेव्हा बत्तीस वर्षं होती.

म्हणजे बरोबर चित्र उपलब्ध होतं, छापलेलं होतं. हरलं ते.

सिनेमाकडे येऊ. जॉर्ज मेलिएसचा १९०२ चा ‘चंद्रावरची सफर’ तुम्ही पाहिला नसेल, तरी त्यातला डोळ्यात रॉकेट घुसलेला चंद्राचा चेहरा नक्की पाहिला असेल. आपल्याकडे चंद्रावर ससा किंवा हरीण बसलेलं, म्हणून तो शशांक आणि मृगांक. युरोपात चंद्राला चेहरा. मेलिएसने तोच लोककथेतला चेहरा घेतला आणि त्याच्या डोळ्यात यंत्रयुगाचा गोळा मारला. त्याच्या चंद्रावरही सुळके आहेत, पण ते नाटकाच्या पडद्यावर रंगवलेले आहेत आणि ते तसे आहेत हे तो लपवत नाही. तिथे बर्फ पडतो. गुहेत माणसाहून मोठ्या अळंब्या उगवतात, छत्री जमिनीत रोवली की तिचीच अळंबी होते. चंद्रावरचे रहिवासी छत्रीचा एक फटका बसला की धूर होऊन उडून जातात. परत यायचं तर रॉकेट चंद्राच्या कड्यावरून खाली ढकलून द्यायचं, ते पृथ्वीवर पडेलच. विज्ञानाच्या परीक्षेत शून्य गुण. तरी मला हा सगळ्यांत प्रामाणिक चंद्र वाटतो, कारण खरं असल्याचा आव त्यात कुठेच नाही.

आव आला फ्रित्झ लांगबरोबर. १९२९ च्या ‘चंद्रावरची स्त्री’ या जर्मन सिनेमासाठी त्याने हेर्मान ओबेर्ट या खऱ्या रॉकेटशास्त्रज्ञाला सल्लागार नेमलं. सिनेमाचा पृथ्वीवरचा भाग आजही थक्क करतो. अनेक टप्प्यांचं रॉकेट, ते उभ्याने उड्डाणस्थळी नेणारी यंत्रणा, आणि प्रेक्षकाचा श्वास रोखण्यासाठी केलेली उलटी मोजणी. (श्रीहरिकोट्याचं थेट प्रक्षेपण बघताना आपणही जी मोजणी पुटपुटतो, ती पडद्यावर गाजली ती इथून.) मग रॉकेट चंद्रावर उतरतं आणि विज्ञान दाराबाहेर राहतं. चंद्राच्या मागच्या बाजूला हवा असू शकेल, अशी एक कल्पना पीटर आंद्रेआस हान्सेन या खगोलशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात मांडली होती. १९२९ पर्यंत ती कधीच मोडीत निघाली होती, पण लांगला ती हवी होती. बरोबर आहे, नट काचेच्या शिरस्त्राणात असतील तर प्रेमाचा त्रिकोण दिसणार कसा? तेव्हा त्याच्या चंद्रावर माणसं मोकळा श्वास घेतात, समुद्रकाठाहून स्टुडिओत आणलेल्या वाळूवर चालतात, गुहेत सोनं शोधतात. मागे पडद्यावर सुळके आहेतच. गंमत म्हणजे पुढची वाळू खऱ्या चंद्राच्या बरीच जवळ जाते. मागचा रंगवलेला डोंगर नाही.

वासिली झुराव्हल्योव्हच्या १९३६ च्या सोव्हिएत सिनेमाबद्दल एवढंच सांगतो की त्याचे सल्लागार होते खुद्द त्सिऑलकोव्हस्की, आणि त्यात माणसं चंद्रावर कमी गुरुत्वाकर्षणामुळे टुणटुण उड्या मारतात. त्यासाठी छोट्या बाहुल्या एकेक फ्रेम करत हलवल्या होत्या. बाहुल्या बाहुल्याच वाटतात, पण आपलं वजन कमी झालंय हा चंद्रावरचा सगळ्यांत शारीरिक अनुभव तिथे दिसतो. त्यानंतरच्या कित्येक महागड्या सिनेमांनाही तो दाखवायचा कंटाळा आला.

आणि आता चेस्ली बोनस्टेल. या माणसावर माझं प्रेम आहे, म्हणूनच त्याच्याशी भांडण आहे.

बोनस्टेल १८८८ साली सॅन फ्रान्सिस्कोत जन्मला. आधी वास्तुचित्रकार, न्यूयॉर्कच्या क्रायस्लर बिल्डिंगवर आणि गोल्डन गेट पुलाच्या चित्रांवर त्याने काम केलं. मग हॉलिवूडमध्ये मॅट पेंटर, म्हणजे काचेवर पार्श्वभूमी अशी रंगवायची की प्रेक्षकाला ती खरी इमारत वाटावी. ‘सिटिझन केन’मध्येही त्याचं काम आहे. १९४४ साली ‘लाइफ’ मासिकात त्याची शनीची चित्रं आली. टायटन या उपग्रहाच्या क्षितिजावर तरंगणारा शनी त्यात आहे. ती चित्रं वाटत नव्हती, तिथे जाऊन काढलेले फोटो वाटत होते. १९४९ चं ‘अवकाशावर विजय’ अशा नावाचं पुस्तक आणि १९५२ पासून ‘कोलिअर्स’ मासिकातली व्हर्नर फॉन ब्राउनबरोबरची लेखमाला यांनी अमेरिकेच्या एका पिढीला पटवलं की अवकाशात जाणं हा इंजिनिअरिंगचा प्रश्न आहे, परीकथेचा नाही. हे श्रेय त्याचं आहे.

पण त्याचा चंद्र बघा. ग्रहाचा आकाशातला आकार किती अंशांचा, सूर्यप्रकाश कुठल्या कोनातून, हे सगळं तो काटेकोरपणे मोजायचा. आणि इतक्या मोजून काढलेल्या चौकटीत डोंगर मात्र आल्प्सचे. त्याला रुदो माहीत नव्हता असं मानणं मला अवघड जातं. दोघांचं क्षेत्रच इतकं छोटं होतं. माहीत नसला तरी चंद्राची कड दुर्बिणीतून त्यालाही दिसत होतीच. मला वाटतं, त्याला तो डोंगर हवा होता. अमेरिकेत याला परंपराही आहे. थॉमस मोरनने एकोणिसाव्या शतकात पश्चिमेकडचे अवाढव्य कडे रंगवले आणि त्याच्या चित्रांनी यलोस्टोन १८७२ साली राष्ट्रीय उद्यान व्हायला हातभार लावला. आधी चित्र येतं, मग माणसं येतात. ‘विजय’ हा शब्द पुस्तकाच्या नावात असेल तर जिंकण्यासारखं काहीतरी दिसायला हवं. पिठाच्या ढिगावर कोणी झेंडा लावायला जात नाही. एव्हरेस्टवर तेव्हा माणूस पोचायचा होता, आणि बोनस्टेलचा चंद्र म्हणजे पुढचं एव्हरेस्ट होता.

बोस्टनच्या विज्ञान संग्रहालयासाठी त्याने चंद्राच्या पृष्ठभागाचं ४० फूट लांब आणि १० फूट उंच भित्तिचित्र केलं. १९५७ साली ते लागलं. १९७० साली ते उतरवण्यात आलं, कारण तोवर खरा चंद्र दिसला होता. पुढे ते स्मिथसोनियनकडे गेलं. तेरा वर्षांत एक चित्र भूगोलातून इतिहासात गेलं.

१९५० च्या ‘डेस्टिनेशन मून’ या रंगीत सिनेमात बोनस्टेलने चंद्राची पार्श्वभूमी रंगवली. निर्माता जॉर्ज पाल, लेखक-सल्लागारांत रॉबर्ट हाइनलाइन. रॉकेट उतरवायला त्यांनी चंद्राच्या उत्तरेकडचं हार्पालस हे विवर निवडलं, कारण तिथून पृथ्वी क्षितिजाजवळ दिसते आणि नट व पृथ्वी दोन्ही एका फ्रेममध्ये बसतात. इतका विचार. तरी चंद्राची जमीन मात्र उन्हाळ्यातल्या आटलेल्या तळ्यासारखी भेगाळलेली आहे. भेगा पडायला आधी चिखल लागतो आणि चिखलाला पाणी, हे बोनस्टेलला चांगलंच ठाऊक होतं. त्याला त्या भेगा पसंत नव्हत्या. त्या आणल्या कलादिग्दर्शक अर्नस्ट फेग्टेने. स्टुडिओ लहान होता. पुढच्या भेगा मोठ्या आणि मागच्या लहान लहान करत नेल्या की तीच जागा मैलोन् मैल पसरलेली वाटते. लांबच्या दृश्यात बुटक्या माणसांना छोटे अवकाशपोशाख घालून उभं केलं, तेही याचसाठी.

या भेगांवर शास्त्रज्ञ मंडळी आजवर हसत आलीत. मला त्या या सिनेमातल्या सगळ्यांत बोलक्या वाटतात. चंद्रावर हवा नाही, त्यामुळे लांबचा डोंगर धूसर होत नाही. झाडं नाहीत, घरं नाहीत, विजेचे खांब नाहीत. अंतर मोजायला डोळ्याला काहीच सापडत नाही. १९७१ साली अपोलो १४ चे शेपर्ड आणि मिचेल कोन नावाच्या विवराची कड शोधत चढण चढत राहिले, ती सापडत नाही म्हणून शेवटी मागे फिरले. नंतर कळलं की ते कडेपासून जेमतेम काही मीटरवर होते. खरा चंद्र माणसाला खोली दाखवत नाही, आणि खोलीशिवाय सिनेमा चालत नाही. फेग्टेने भेगा काढून चंद्राला पृथ्वीचा भूमितीचा तास दिला. माझ्या मते बोनस्टेलच्या सुळक्यांचंही तेच आहे. दोघांनी चंद्राला आपल्या डोळ्यांना वाचता येईल असं व्याकरण लावलं. फेग्टेला ते गरजेपोटी करावं लागलं एवढाच फरक, आणि मी त्याला लवकर माफ करतो.

स्टॅन्ली कुब्रिकला माफ करणं जड जातं. फेब्रुवारी १९६६ मध्ये रशियाचं लूना ९ चंद्रावर अलगद उतरलं, जूनमध्ये अमेरिकेचं सर्व्हेयर १. दोघांनी जमिनीवरून फोटो पाठवले. नोव्हेंबरमध्ये लूनार ऑर्बिटर २ ने कोपर्निकस विवराचा तिरप्या कोनातून काढलेला फोटो आला. वर्तमानपत्रांनी त्याला शतकातला फोटो म्हटलं, आणि त्यात डोंगर स्पष्ट दिसत होते, मऊ आणि उतरते. ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ प्रदर्शित झाला एप्रिल १९६८ मध्ये, आणि त्याच्या चंद्रावर अजूनही सुळके आहेत. पेनच्या तरंगण्यापासून बिनगुरुत्वाच्या शौचालयाच्या सूचनांपर्यंत सगळ्यात जीव ओतणारा दिग्दर्शक इथे बोनस्टेलच्याच गावात राहिला. खरा चंद्र टेबलावर येऊन पडला होता. तो सुंदर नव्हता.

याने बिघडलं काय, असं तुम्ही विचाराल. चित्र चुकलं, पुढे दुरुस्त झालं.

बिघडलं ते आपल्या डोळ्यांत. २३ ऑगस्ट २०२३ ला विक्रम लँडर चंद्रावर उतरला, त्यानंतरचे दोन दिवस माझ्या फोनवर काय काय आलं ते आठवतंय. सगळ्यांत जास्त फिरली ती एक ॲनिमेशनची क्लिप. काळंभोर आकाश, तारे, मागे टोकदार डोंगर. तिच्याखाली हात जोडलेले आणि तिरंगे. त्याच ग्रुपवर कोणीतरी लँडरने पाठवलेला खरा फोटो टाकला, तर पहिली प्रतिक्रिया आली, ‘हे काय, सिमेंटचं गोडाऊन वाटतंय.’ दुसरी, ‘फेक आहे, तारे कुठायत?’ ती लिहिणारा माणूस वाईट नव्हता, मूर्खही नव्हता. त्याला शंभर वर्षं खोटा चंद्र दाखवला गेला होता आणि तो त्याच्याशी खरा ताडून बघत होता.

तारे नसतात, कारण उन्हात न्हालेली जमीन टिपायला कॅमेरा जेमतेम क्षणभर उघडतो. गणपतीच्या मांडवाबाहेर हॅलोजनखाली उभ्या मित्राचा फोटो काढून बघा, मागच्या आकाशात किती तारे येतात. बोनस्टेलने तारे रंगवले, ‘डेस्टिनेशन मून’वाल्यांनी काळ्या पडद्यावर मोटारींचे बल्ब लावून तारे केले. अपोलोच्या फोटोंत ते नाहीत, तर पन्नास वर्षं लोक म्हणतायत की चंद्रावर कोणी गेलंच नाही, ते सगळं स्टुडिओत झालं. आणि स्टुडिओत जे खरंच झालं होतं, ते मात्र पटण्यासारखं वाटतं. हा घोटाळा मेलिएसने केलेला नाही. त्याची अळंबी बघून कोणी नासावर आरोप केला नाही. घोटाळा त्या चित्रांचा, ज्यांच्यात नव्वद टक्के मोजमाप खरं होतं आणि उरलेले दहा टक्के त्या नव्वदांच्या जामिनावर खपून गेले. आज एआयने बनवलेले अवकाशाचे ‘फोटो’ बघताना मला सारखा बोनस्टेल आठवतो. फरक हा, की तो निदान कोन तरी मोजायचा.

एका चित्रकाराचं नाव अजून घेतलं नाही, कारण तो या सगळ्यांच्या उलट्या बाजूने आला. ॲलन बीन. अपोलो १२, नोव्हेंबर १९६९, चंद्रावर पाऊल ठेवणारा चौथा माणूस. चंद्रावरून पहिल्यांदा रंगीत टीव्ही प्रक्षेपण करायला कॅमेरा नेला होता. तो हलवताना बीनने चुकून सूर्याकडे वळवला, कॅमेरा जळाला आणि घराघरांतल्या लोकांना त्या मोहिमेतला चंद्र दिसायचा राहिला. १९८१ साली त्याने नासा सोडलं आणि २०१८ मध्ये मरेपर्यंत फक्त चंद्र रंगवला. चित्राच्या थरात तो चंद्रावर वापरलेल्या हातोड्याचे घाव उमटवायचा, बुटांच्या तळव्यांचे ठसे उठवायचा, पोशाखावरच्या बिल्ल्यांचे धुळीने माखलेले तुकडे मिसळायचा. याहून अस्सल साहित्य कुठल्या चित्रकाराला मिळणार?

त्याचे डोंगर गोल आहेत, अगदी बरोबर. जमीन मात्र राखाडी नाही. तिच्यात जांभळा आहे, हिरवा आहे, केशरी आहे, मोनेच्या गवताच्या गंज्यांवर असावेत तसे. चंद्र राखाडी आहे हे त्याच्याइतकं पक्कं फार थोड्यांना माहीत होतं. तिथे उभं राहून आलेल्या माणसाने रंग पृथ्वीवरून आणून लावले, आणि ती चित्रं बघताना मला एकदाही फसवल्यासारखं वाटलं नाही.